मदत हवी आहे: नॉर्डस्ट्रँडाइट की डॉयलाइट (दोन्ही ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची खनिजं), कसं ओळखायचं?

चुनखडीच्या पोकळीतला पांढरा, मोत्यासारखी चकाकी असलेला पापुद्रा तपासतोय, नखाने सहज भुगा होतो. ॲसिड टाकलं तर फक्त खालच्या कॅल्साइटला बुडबुडे आले, पापुद्रा जसाच्या तसा. ईडीएसमध्ये (मूलद्रव्यं ओळखणारी क्ष-किरण चाचणी) ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच, सिलिकॉन नाही, म्हणजे केओलिनाइट (सिलिकॉन असलेलं चिकणमातीचं खनिज) बाद. एक्सआरडीत (स्फटिकरचना ओळखणारी क्ष-किरण चाचणी) पहिली मोठी रेषा 4.79 अँगस्ट्रॉमला, याच रसायनाची आणखी दोन खनिजं म्हणजे गिब्साइट असता तर 4.85 ला आणि बायेराइट असता तर 4.71 ला आली असती, त्यामुळे तेही दोन्ही गेले.

पण घोळ असा की डॉयलाइटची पहिली रेषा पण तिथेच येते, चौघांचं रासायनिक सूत्र एकच आणि हे दोघे तर दोन्ही ट्रायक्लिनिक (एकाच स्फटिकप्रणालीतले)! चुनखडी बघून मन नॉर्डस्ट्रँडाइटकडे झुकतंय, कारण 1962 साली तो ग्वाम बेटावर चुनखडीत आणि बोर्निओतल्या सारावाकमध्ये चुनखडीवरच्या मातीत सापडला होता आणि डॉयलाइट कॅनडातल्या क्वेबेकच्या अल्कलाइन (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या) खडकांतला, पण नुसत्या जागेवरून नाव द्यायला जीव धजत नाही.

तापवून बघा म्हणू नका, पाणी सगळ्यांचंच जातं. नमुना चिमूटभर उरलाय, तपासण्याजोगा सुटा स्फटिक (सिंगल क्रिस्टल) मिळणार नाही, रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून ओळखण्याची चाचणी) मात्र करता येईल. तर रामनमध्ये हायड्रॉक्सिलच्या (OH गटाच्या) पट्ट्यांवरून हे दोघे खात्रीने वेगळे करता येतात का, की एक्सआरडीच पुन्हा हळू स्कॅनने घेऊ, आणि घेतलं तर नेमक्या कुठल्या रेषा बघू?