पुन्हा भरता येणारे लायटर: तुमचे अनुभव

काल कपाट आवरताना बाबांचा पेट्रोलवर चालणारा लायटर हाती लागला. झाकण उघडल्यावर तोच ‘टक्’ आवाज! चाक मात्र जाम. खालचा स्क्रू काढला, तर ठिणगी पाडणारा जुना खडा फुगून भुगा झालेला आणि नळीत घट्ट बसलेला. बारीक तारेने तासभर कोरला. नवा खडा, नवी वात घातली, कापूस भिजवला, आणि दुसऱ्या झटक्यात पेटला! उलट माझा गॅसचा लायटर तीनदा भरल्यावर व्हॉल्व्हपाशी गळायला लागला. उघडायला स्क्रूच नाही. भरता येतो, पण दुरुस्त करता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. तुमचेही अनुभव लिहा.

चकमक
अगदी अगदी! आजोबांचा झिप्पो कंपनीचा पेट्रोलवाला लायटर आहे घरी. तळाच्या खुणांवरून साल कळतं. कंपनी १९३२ची, अजूनही बिघडला तर फुकट दुरुस्त करून देतात. बिजागरी सैल झालीय, पण पाठवायचा धीर होत नाही.

भरदुपार
सरसकट जुनं ते सोनं नको. पेट्रोलवाला नुसता खिशात ठेवला तरी आठवड्या-दोन आठवड्यांत कोरडा पडतो. गॅसवाला महिनोन्‌महिने टिकतो. भरण्याआधी व्हॉल्व्ह दाबून आतली हवा काढता का? ज्योत सगळ्यात कमीवर ठेवायची, लायटर उलटा धरायचा, वरून कॅन सरळ दाबायचा. मग दहा मिनिटं थांबायचं. हवा राहिली की गॅस पुरता भरतच नाही. मात्र रबरी वॉशर वाळला असेल तर इलाज नाही, हेही खरं.

सायली_
बाबांचं वाचून भरून आलं. आमच्याकडे बाबांचं चावीचं घड्याळ आहे, रोज रात्री आईच चावी देते. कणीक मळायचीय, नंतर लिहिते.

चकमक
@सायली_ घड्याळाचा वेगळा धागा काढाच.

उंबरठा
माझा खटक्याचा आहे. ठिणगी दिसते, ज्योत नाही. फेकू का?

भरदुपार
@उंबरठा थांबा! जेटच्या, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या बारीक छिद्राच्या, तोंडात खिशातली लव अडकते. गॅस संपवा, मग हवेचा फवारा मारून बघा.

उंबरठा
पेटला!! निळी ज्योत, अगदी सरळ. धन्यवाद हो.

धागाकर्ता
@भरदुपार हवा कधीच काढली नव्हती. आत्ता काढून भरला, तरी गळतोय. वॉशरच गेला असणार.
@सायली_ आईंना नमस्कार सांगा.