जुना फिल्म कॅमेरा आणि लेन्स : तुमचा पैसा कुठे वसूल झाला, कुठे बुडाला?

दोन महिने झाले, रोज रात्री जुन्या कॅमेऱ्यांच्या जाहिराती चाळतेय. ‘उत्तम स्थितीत’, ‘चालू असावा’, ‘कपाटात पडून होता’, ‘तपासलेला नाही, आहे तसा’. फोटोत सगळेच देखणे. डिजिटलवर हात बसलेला आहे, त्यामुळे ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं लहान-मोठं होणारं भोक) आणि शटर (उजेड किती वेळ आत जाईल ते ठरवणारा पडदा) म्हणजे काय ते माहीत आहे. हवंय एवढंच : ३५ मिमी फिल्मची एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), एक लेन्स, आणि पहिले दहा रोल तरी जिवाला घोर नको. ‘सर्वोत्तम दहा मॉडेल’ छापाच्या याद्या ढिगाने सापडतात, पण त्या लिहिणाऱ्यांचे हात कधी पोळलेले दिसत नाहीत. म्हणून हा धागा. काय घेतलंत, घेताना काय बघितलंत, काय बघायचं राहून गेलं, ते लिहा. किमती नकोत, त्या रोज बदलतात. ‘कॅमेऱ्याइतकाच खर्च दुरुस्तीला आला’ एवढं लिहिलंत तरी कळेल.

*

कोंबडी आणि मसाला

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही माझी पहिली खरेदी. शटर वाजत होतं, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलत होता, मी खूश. पहिल्या रोलवर जवळजवळ प्रत्येक फ्रेमच्या कडेला नारिंगी पट्टा. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम विरघळून डांबर झाला होता आणि तिथून उजेड आत शिरत होता. तो बदलला. दुसऱ्या रोलवर भर उन्हातल्या फोटोंची एक बाजू काळपट. १/१००० सेकंदाच्या वेगाला शटरचे दोन्ही पडदे एका वेगाने धावतच नव्हते. ते दुरुस्त करून आणलं तर तिसऱ्या रोलवर फ्रेम एकमेकींच्या अंगावर चढलेल्या.

तीन रोल, त्यांची धुलाई आणि दोनदा दुरुस्ती. सगळं धरून हिशेब केला, तर सर्व्हिस करून दिलेला कॅमेरा पहिल्याच दिवशी घेता आला असता, वर एक लेन्सही आली असती. फोमबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तो चाळीस-पन्नास वर्षांत जातोच, कुठल्याही कॅमेऱ्याचा, आणि घरी बसून बदलता येतो. शटरचं तसं नाही.

*

कान लावून ऐका

मी हौसेखातर दुरुस्ती करतो, धंदा नाही. लोक माझ्याकडे कॅमेरा ‘घेतल्यावर’ आणतात, घेण्याआधी कुणी विचारत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हातात घेतल्यावर लगेच व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. मागचं झाकण उघडा (आत रोल नाही याची खात्री करूनच), लेन्स पांढऱ्या भिंतीकडे धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि शटरचे सगळे वेग एकामागून एक वाजवा. १ सेकंदाचा वेग हा यंत्राच्या तब्येतीचा दाखला. आतल्या छोट्या चक्रांची कुरकुर सलग आणि एकसारखी यायला हवी. मध्येच दम लागल्यासारखी थांबली, किंवा शटर उघडंच राहिलं, तर तेल घट्ट झालंय. हे वर्षानुवर्षं न वापरलेल्या कॅमेऱ्यांत हमखास होतं. ‘एकदाही वापरलेला नाही’ हे विकणारा अभिमानाने सांगतो तेव्हा मी मनातल्या मनात किंमत खाली आणतो. थोडा घासलेला पण नेहमी चालता असलेला कॅमेरा कधीही बरा.

१/१००० ला मागून बघताना पूर्ण चौकट क्षणभर उजळली पाहिजे. एका बाजूला अंधार राहिला तर वर कोंबडीवाल्यांनी लिहिलंय तेच. मग ॲपर्चर १६ वर, शटर १ सेकंदावर, आणि पुन्हा मागून बघा : पाती चटकन मिटून छोटं भोक दिसायला हवं. आळसावलेली पाती म्हणजे त्यांच्यावर तेल उतरलंय.

पडदा कापडी असेल आणि आरसा वर अडकवून ठेवायची सोय असेल, तर लेन्स काढून, आरसा वर करून अंधारात समोरून टॉर्च मारा आणि मागून बघा. चांदण्यासारखे ठिपके दिसले तर पडद्याला छिद्रं आहेत. पडद्याला बोट लावू नका, तो कापडी असो की धातूचा. आणि बिजागरीला मारायचा तेलाचा फवारा कृपा करून कॅमेऱ्यात मारू नका. तसे दोन कॅमेरे माझ्याकडे आले होते, दोन्ही आता सुट्या भागांच्या डब्यात आहेत.

कॅनन एई-१ बघत असाल तर शटरबरोबर ‘चूं’ असा श्वास ओढल्यासारखा आवाज येतो का, ते ऐका. आरशाची यंत्रणा कोरडी पडली की तो येतो. जगभर माहीत असलेलं दुखणं आहे, दुरुस्त होतं, पण तेवढी किंमत कमी करून मागा. हा कॅमेरा बॅटरीशिवाय अजिबात चालत नाही, म्हणून बघायला जाताना बॅटरी स्वतःची न्या. ‘बॅटरी नाही म्हणून दाखवता येत नाही’ हे कारण मग उरत नाही.

*

के-१००० चं कौतुक, पण बेताने

माझा पेंटॅक्स के-१००० आहे. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे बाजारात कमी नाहीत. पूर्ण यांत्रिक. बॅटरी फक्त मीटरला, ती संपली तरी सगळे वेग चालतात. मीटरला चालू-बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण घालायचं म्हणजे काटा झोपतो. झाकण हरवलं तर बॅटऱ्या घेत बसा.

तरीही सांगतो, ‘विद्यार्थ्यांचा कॅमेरा’ म्हणून याचं इतकं नाव झालंय की आता नावाचे पैसे द्यावे लागतात. सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढेमागे किती भाग स्पष्ट येईल ते) आधी बघायची सोय नाही. याच माउंटच्या (बॉडी आणि लेन्स जोडणाऱ्या खाचेच्या) कमी गाजलेल्या बॉडी बऱ्याचदा स्वस्त पडतात आणि लेन्स त्याच बसतात. मी आज घेतला असता तर बॉडीच्या नावाकडे न बघता आधी माउंट ठरवला असता. बॉडी मरते, लेन्स पुढच्या बॉडीवर जाते. कॅननने १९८७ मध्ये एफडी माउंट सोडून ईएफ माउंट आणला, त्यामुळे एफडीच्या लेन्स पुढच्या ईओएस बॉडीवर सरळ बसत नाहीत. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, पण ‘सगळं सगळ्यावर बसतं’ हे अर्धसत्य. १९७७ च्या एआय बदलाआधीची (लेन्सवरचं ॲपर्चर बॉडीला कळवायची पद्धत तेव्हा बदलली) लेन्स नंतरच्या बऱ्याच बॉडींवर जोर करून बसवली तर बॉडीचीच मोडतोड होऊ शकते. आणि ॲपर्चरची रिंग नसलेली नवी ‘जी’ (G) प्रकारची लेन्स निकॉनच्या एफएम२ बॉडीवर बसते खरी, पण ॲपर्चर बदलायचं कशाने?

*

बुरशी

५० मिमी १.४ च्या (म्हणजे ॲपर्चर खूप मोठं उघडणाऱ्या) लेन्सच्या मोहापायी फसलो. समोरून बघितली तर काच आरशासारखी. घरी येऊन मागून टॉर्च मारला तर आत कोळ्याचं जाळं. पुसून निघेल असं वाटलं होतं. बुरशी निघाली, पण तिने कोटिंग खाल्लं होतं, त्याचा नकाशा काचेवर कायमचा राहिला. साध्या उजेडात फोटो ठीक येतात, दिवा किंवा सूर्य समोर आला की सगळं धुक्यात.

तेव्हापासून मी दोन्ही टोकांनी टॉर्च मारतो, तोही तिरपा. धुळीचे चार कण दिसणारच, त्यांनी काही बिघडत नाही. समोरच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही चालतो, उलट त्याच्या नावाने किंमत पाडता येते. जाळं, दुधट थर किंवा काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी चकाकी (दोन काचा चिकटवलेला डिंक सुटल्याची खूण) दिसली की लेन्स परत ठेवायची.

आणि १.४ चा हट्ट कशाला? त्याच कंपनीची १.८ किंवा २ ची लेन्स हलकी, स्वस्त, आणि ॲपर्चर ८ वर दोन्हींतला फरक मला तरी प्रिंटवर कधी ओळखता आला नाही.

*

माझं मत सगळ्यांच्या उलट

धातू, चामडं, खटक्याचा आवाज यांच्या प्रेमात पडायचं असेल तर पडा. फोटो हवे असतील तर नव्वदच्या दशकाच्या आसपासची प्लास्टिकची ऑटोफोकस बॉडी घ्या. कुणी ढुंकून बघत नाही म्हणून स्वस्त मिळतात. मी कॅनन ईओएस ३०० वापरते. पिसासारखी हलकी, मीटर भरवशाचं, आणि डिजिटलवरची माझी ५० मिमी १.८ ईएफ तशीच बसते. म्हणजे लेन्सचा खर्च शून्य. (फक्त डिजिटलसाठी बनलेल्या ईएफ-एस लेन्स मात्र फिल्म बॉडीवर बसत नाहीत.) आणखी एक गंमत : हा कॅमेरा रोल घातल्याबरोबर सगळा बाहेर ओढून घेतो आणि काढलेली एकेक फ्रेम परत डबीत नेतो. चुकून झाकण उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुखरूप.

निकॉनवाल्यांसाठी एफ८०. ‘जी’ लेन्सही चालतात, पण जुनी मॅन्युअल लेन्स लावली तर याचं मीटर बंद. या काळातल्या काही बॉडींच्या मागच्या झाकणाचं रबर चिकट होतं, हात लावल्याशिवाय फोटोत कळत नाही. लिथियम बॅटऱ्या महाग असतात, तेही हिशेबात धरा.

*

वरच्या ताईंना

पटलं. पण ती बॉडी बिघडली की फेकायचीच ना? सर्किट दुरुस्त कोण करणार?

*

फेकायचीच

हो. दुसरी घ्यायची. तुमच्या एका सर्व्हिसच्या पैशांत माझी दुसरी येते.

*

बॅटरीने मारलं

कॅमेरा ठणठणीत, लेन्स स्वच्छ, आणि पहिला रोल सगळा पातळ, म्हणजे उजेड कमी मिळून निगेटिव्ह फिकट. पुन्हा पातळ. दुरुस्त करणारा म्हणाला, बिघाडच नाही. साठ-सत्तरच्या दशकातली बरीच मीटरं १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेली होती. पाऱ्यामुळे त्या बंद झाल्या. मी त्याच आकाराची १.५ ची अल्कलाइन घातली होती. जास्त व्होल्टमुळे मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फिल्मला कमी मिळतो. उपाय सोपा निघाला : श्रवणयंत्राची १.४ ची झिंक-एअर बॅटरी. स्टिकर काढल्यापासून तिचं आयुष्य सुरू होतं आणि फार टिकत नाही, पण स्वस्त असते.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरचं सर्किट व्होल्टमधला फरक सांभाळून घेतं. ऑलिंपस ओएम-१ किंवा मिनोल्टा एसआरटी-१०१ घेताना मात्र बॅटरीचं काय करायचं ते आधी ठरवा. मीटर मेलेलंच असेल तरी घाबरू नका. लख्ख उन्हात ॲपर्चर १६, शटर फिल्मच्या आयएसओइतकं (डबीवर लिहिलेला उजेडाच्या संवेदनशीलतेचा आकडा), म्हणजे ४०० ला १/५००. निगेटिव्ह फिल्म थोडीफार चूक पोटात घालते.

*

एम४२, म्हणजे आटे फिरवा

माझ्याकडे एम४२ म्हणजे आट्यांच्या माउंटचा झेनिट-ई कॅमेरा आणि त्याची हेलिओस ४४-२ लेन्स. शटर फक्त १/३० ते १/५००, व्ह्यूफाइंडर अंधारकोठडी, वजन असं की कुणी अंगावर आलं तर शस्त्र म्हणून चालेल. मीटर सेलेनियमचं, बॅटरी लागत नाही, पण इतक्या वर्षांनी त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. लेन्स मात्र! ५८ मिमी, ॲपर्चर २, पाठीमागची पानं गरगर फिरल्यासारखी येतात. लोक लेन्ससाठी अख्खा कॅमेरा घेतात, मीही तेच केलं. पुढे बॉडी बदलली. एम४२ लेन्स ॲडॅप्टरने पेंटॅक्सच्या के माउंटवर बसते आणि अनंतावर फोकसही होते, कारण दोघांचं फिल्मपासूनचं अंतर सारखंच, ४५.४६ मिमी. निकॉनवर साध्या रिंगने ते जमत नाही.

पेंटॅक्सच्या काही जुन्या टाकुमार लेन्स चहासारख्या पिवळ्या दिसतात. काचेत थोरियम आहे, त्यामुळे. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवल्या की पिवळेपणा उतरतो. ‘पिवळी आहे’ म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर तोंडावरचा आनंद लपवा.

*

आत रोल होता

ही खरेदीची टीप नाही, पण लिहितोच. घेतलेला कॅमेरा घरी आणला, उत्साहात झाकण उघडलं, आत रोल. दोन सेकंदांत बंद केलं. धुवून आणला तर बाहेरची वेटोळी काळी पडलेली, आतल्या पाच फ्रेम वाचल्या. एकीत एक लहान मुलगी सायकलवर, पाठमोरी. विकणाऱ्याला पाठवली. त्याचंच कुणीतरी होतं. त्याने कॅमेऱ्याबद्दल पुढे काही विचारलं नाही, फक्त बाकीच्या फ्रेम कुठे आहेत ते विचारलं.

झाकण उघडण्याआधी रिवाइंडचा (फिल्म परत डबीत गुंडाळायचा) नॉब बाणाच्या दिशेला हळूच फिरवून बघा. अडला तर आत फिल्म आहे.

*

त्याच नॉबवरून

रोल भरल्यावरही त्याच्याकडे बघायचं असतं. आधी ढील काढून घ्या, मग फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढताना नॉब उलटा फिरला तर फिल्म पकडली आहे. नाही फिरला तर तुम्ही हवेचे फोटो काढताय. फ्रेम मोजणाऱ्या काउंटरवर विसंबू नका, तो रोल नसला तरी पुढे सरकतो.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. घाई केली, रविवारीच घेतला. टॉर्च नेला, बॅटरी नेली, १ सेकंद तीनदा ऐकला. विकणारे काका हसत होते. तिसऱ्यांदा मात्र तेही कान लावून ऐकायला लागले. निकॉन एफई. बॅटरी गेली तरी १/९० चा एक यांत्रिक वेग उरतो, तेवढा पुरे. ५० मिमी १.८, टॉर्चखाली धूळ दिसली, जाळं नाही. फोम डांबर झालेला होता, शनिवारी बदलेन म्हणून ठेवलाय, तोवर मागच्या झाकणाच्या कडेला काळी टेप.

पहिला रोल त्याच संध्याकाळी भरला आणि दोन दिवस मनासारखं फिरले. ३६ चा रोल. काउंटर पुढे सरकायचा थांबलाय, लिव्हर अजून लोण्यासारखा फिरतोय, आणि नॉबबद्दलचा वरचा प्रतिसाद मी आत्ता वाचला.