रोमान्स आणि प्रॅक्टिकल पुस्तकं: मराठीत नेमकं म्हणायचं काय?

पानपलटी
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत (कोथरूड) क्लबहाऊसमध्ये छोटी लायब्ररी सुरू करतोय, लोकांनी घरातली पुस्तकं आणून दिलीत, चारशेच्या आसपास झाली असतील, आणि ही बाई सारखी वाचत असते म्हणून कप्प्यांना लेबलं लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ऐतिहासिक, चरित्र, प्रवासवर्णन, लहान मुलांची हे पटापट झालं. अडले ते दोन ढिगांपाशी. एका ढिगात मिल्स अँड बूनच्या इंग्रजी रोमान्स कादंबऱ्या, त्यांची मराठी भावंडं, आणि ती केस उडणाऱ्या मुखपृष्ठांची सगळी मंडळी. दुसऱ्या ढिगात स्वयंपाक, गच्चीवरची बाग, इन्कम टॅक्स, गुडघेदुखी, मूल झोपत नसेल तर काय करावं, आणि पहाटे पाचला उठून आयुष्य बदला छाप. नेमके हेच दोन प्रकार मी सगळ्यात जास्त वाचते, त्यामुळे "टाइमपास" आणि "इतर" असं लिहायला हात होत नाही. चांगले मराठी शब्द सुचवा ना.

सदाशिवपेठी
पहिल्यावर "प्रेमकथा", दुसऱ्यावर "उपयुक्त". झालं. एवढ्यासाठी धागा?

पानपलटी
काका, तितकं सोपं असतं तर चिकटवून मोकळी झाले असते. प्रेमकथा म्हटलं की आपल्याला आठवतं कोण, लैला-मजनू, हीर-रांझा, आणि पुण्यात तर बाजीराव-मस्तानी, शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे पण शेवट काय झाला ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे आपल्याकडे प्रेमकथेत शेवटी कोणीतरी गेलंच पाहिजे असा अलिखित नियमच. रोमान्सचं बरोबर उलटं आहे, प्रेम मधोमध हवं आणि शेवट गोड हवा, या दोन अटी पाळल्या नाहीत तर ती रोमान्स कादंबरीच नाही, तिकडचे लेखक-वाचक यावर भांडतात सुद्धा. शेवटी नायक मेला तर पुस्तक कितीही भारी असो, त्याला या कप्प्यात जागा नाही.

लोक मला म्हणतात शेवट माहीत असतो तर वाचतेस कशाला. अहो कीर्तनात सीतास्वयंवर लागलं की धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या आजींना माहीत नसतं का? तरी त्या रावणाच्या फजितीला दरवेळी हसतातच ना. गंमत कसं होतं यात आहे, काय होतं यात नाही. आणि चांगली रोमान्स लिहिणं अवघड असतं हो, कारण वाचणारीला फसवायची सोयच नाही, तिला पहिल्या पानापासून माहितीये की हे दोघं एकत्र येणार, आणि तरी तिला दोनशे पानं "आता कसं होणार बाई" वाटत राहायला हवं.

चष्मीश
शब्दाची जन्मकुंडली सांगतो, मग ठरवा. जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिन सोडून साध्या लोकभाषेत लिहिलेलं ते "रोमान्स", मग त्या भाषेत सरदार, राक्षस, जादू, राजकन्या अशा गोष्टी लिहिल्या जायच्या म्हणून त्या गोष्टींनाच रोमान्स म्हणायला लागले, आणि त्यातलं फक्त प्रेम शिल्लक राहिलं ते फार नंतर. फ्रेंच आणि जर्मनमध्ये आजही कुठल्याही कादंबरीला रोमां, रोमान म्हणतात, मग ती खुनाची असली तरी.

मराठीत या जुन्या अर्थाला शब्द आहे, अद्भुतरम्य. 1857 ला बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन आलं ते विधवांच्या प्रश्नावर, म्हणजे सामाजिक, पण 1861 ला हळब्यांची मुक्तामाला आली आणि तिच्या मागून अशा कादंबऱ्यांची रांग लागली, त्यांना समीक्षक अद्भुतरम्य म्हणतात.

आणि मुळात "कादंबरी" हे एका नायिकेचं नाव आहे हे विसरू नका. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात लिहिली ती, मराठी आणि कन्नडने त्या एका पुस्तकाचं नाव उचलून अख्ख्या प्रकाराला लावलं. हिंदी-बंगालीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा. आपण एका प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव घेतो, आणि मग त्याच्यामागे "प्रेम" लावून प्रेमकादंबरी म्हणतो, म्हणजे पिवळा पीतांबरच की.

पानपलटी
हे भारी आहे!! पण बाणभट्टाची कादंबरी माझ्या नियमात बसते का, शेवट गोड आहे का तिचा?

चष्मीश
बाण अर्ध्यातच गेला, पुढचं त्याच्या मुलाने पूर्ण केलं. दोन-तीन जन्मांचा गोंधळ, शाप, पोपट वगैरे झाल्यावर दोन्ही जोड्या शेवटी एकत्र येतात. बसते नियमात.

एफसीरोडकर
अद्भुतरम्य परत आणा प्लीज, माझी बहीण अकरावीत आहे, तिचा अख्खा ग्रुप सध्या ते ड्रॅगन, परीलोक आणि प्रेम असं मिक्स असलेलं वाचतो, रोमँटसी म्हणतात त्याला, पुणे बुक फेस्टिवलला फर्ग्युसनच्या ग्राउंडवर आम्ही गेलो तर दादा पिशवी धर म्हणून सहा ठोकळे माझ्या हातात. त्याला अद्भुतरम्य हा शब्द एकदम फिट बसतोय, 1861 चा माल 2020 नंतर परत फॅशनमध्ये.

सदाशिवपेठी
ड्रॅगनवाल्यांना अद्भुतरम्य, मान्य. पण बँकेतल्या मॅनेजरच्या प्रेमात पडलेली मुलगी अद्भुतरम्य कशी? आमच्या बँकेत काउंटरवर या एकदा.

तुळशीबागवाली
"प्रणयकादंबरी" म्हणा ना, जुन्या जाहिरातींमध्ये असायचं तसं.

पानपलटी
ताई, मलाही आधी हाच सुचला होता. संस्कृतात प्रणय म्हणजे जिव्हाळा, विश्वास, लाडाने केलेला हट्ट, केवढा गोड शब्द होता. पण पेपरवाल्यांनी त्याची वाट लावली, बातमीत "प्रणय" आला की पुढे लॉज आणि पोलीस येणारच. क्लबहाऊसमध्ये कप्प्यावर प्रणय लिहिलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मीटिंग बोलावतील. शृंगारिक तर त्याहून नको. रसशास्त्रात शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग आहेत आणि विप्रलंभ म्हणजे नुसता विरह, हुरहूर, वाट बघणं, खरं तर रोमान्स कादंबरीची पाऊणशे टक्के पानं विरहावरच चालतात, पण हे कोणाला सांगत बसणार.

चष्मीश
शृंगारिक या शब्दावरून पुण्यात किती रामायण झालंय. चंद्रकांत काकोडकरांची शामा ही गोष्ट पुण्यातून निघणाऱ्या रंभा मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला, तो पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1969 ला कोर्टाने सांगितलं की ही अश्लील नाही.

तुळशीबागवाली
काकोडकर! माझी आई पुस्तकाला सकाळच्या पेपरचं कव्हर घालून वाचायची, आम्हाला वाटायचं किती सिरियस काहीतरी वाचतीये. वाचनालयात "पुस्तक बदलायला जाते" म्हणायची आणि पिशवीत तळाशी ते, वर चरित्र. घरात कोणी विचारलं तर चरित्र दाखवायचं. आता वाटतं तिने ती चरित्रं कधी वाचलीच नसतील.

पानपलटी
पिशवीचं वाचून हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे आलेल्या ढिगात पण तीन पुस्तकं अशीच कव्हर घातलेली निघाली.

बरं दुसऱ्या ढिगाकडे वळूया कारण खरा घोळ तिथे आहे. नॉनफिक्शनला हल्ली सगळीकडे "ललितेतर" लिहितात. मला हा शब्द आवडत नाही आणि तो चूक पण आहे असं माझं मत. ललित लेख, ललित गद्य म्हणजे काय, स्वतःच्या आठवणी, पाऊस, अंगण, आजी, ते कुठे काल्पनिक असतं? म्हणजे ललित मध्ये खरंखुरं लिहिलेलं ऑलरेडी आहे, मग ललितेतर म्हणजे नॉनफिक्शन कसं होईल. कथेतर त्यातल्या त्यात बरा, पण "इतर" आलं की बाहेर उभं केल्यासारखं वाटतं. माझ्या लहानपणी जिथे आम्ही मेंबर होतो त्या वाचनालयात तर यादीत कथा, कादंबरी, नाटक, चरित्र आणि मग सरळ "संकीर्ण". बागकाम संकीर्ण, योगासनं संकीर्ण, मृत्युपत्र कसं करावं ते पण संकीर्ण.

एफसीरोडकर
सेल्फ हेल्पला एका अनुवादात "स्वमदत" वाचलं आणि पुस्तक मिटलं. पेट्रोल पंपावर स्वतः हवा भरून घ्या तसं वाटतं. आणि स्वयंसहाय्य म्हटलं की डोळ्यासमोर बचत गट येतो, पापड लाटणारा.

सदाशिवपेठी
"व्यवहारिक पुस्तके" लिहा.

चष्मीश
व्यावहारिक. व्य ला काना. व्यवहार ला इक लागला की पहिला स्वर वाढतो, समाज-सामाजिक तसं. लेबलावर तरी चुकवू नका, पुण्यात कोणीतरी पेनाने दुरुस्त करून जाईल.

सदाशिवपेठी
मीच करून जाईन.

पानपलटी
काका 🙏 पण व्यावहारिक म्हटलं की जमाखर्चाचा वास येतो, "तो फार व्यवहारी आहे" हे काय कोणी कौतुकाने म्हणत नाही. आणि "प्रॅक्टिकल" मराठीत गेल्यावर त्याचे दोनच अर्थ उरलेत, एक म्हणजे जर्नल, व्हायवा आणि एक्स्टर्नल, दुसरा म्हणजे लग्नाच्या बोलण्यांमध्ये "मुलगा प्रॅक्टिकल आहे", म्हणजे वाढदिवस विसरणार. उपयुक्त लिहिलं तर बाकीच्या कप्प्यांमधली निरुपयोगी का असं कोणीतरी विचारणार. मार्गदर्शक लिहिलं तर अप्पा बळवंत चौकातलं दहावीचं गाईड वाटणार.

माझा खरा मुद्दा असा आहे की या पुस्तकांना आपण साहित्य मानत नाही, आणि गंमत म्हणजे "साहित्य" हा शब्द पानाच्या डोक्यावर स्पष्ट छापलेला असतो तो फक्त याच पुस्तकांत! साहित्य: दोन वाट्या डाळीचं पीठ, एक वाटी तूप. कृती: अमुक. कमलाबाई ओगल्यांची रुचिरा 1970 ला आली, तिच्यात वाटी-चमच्याचं माप दिलं, आमच्या आज्यांचं सगळं "अंदाजाने" आणि "मावेल तेवढं" चालायचं, नवीन लग्न झालेल्या मुलीला पुण्या-मुंबईत दोन खोल्यांत विचारायला सासू पण नाही, तिथे ते माप म्हणजे केवढा आधार. माझ्या मते नॉनफिक्शनची परीक्षा हीच, माप आहे का. पहाटे पाचवाल्या पुस्तकांत मापच नसतं, एक मुद्दा असतो आणि त्याला नव्वद किस्से चिकटवलेले असतात, कुठल्या तरी कंपनीचा कोणी साहेब एकदा विमानात भेटला वगैरे. आणि अनुवाद इतका शब्दाला शब्द की "स्वतःच्या सर्वोत्तम आवृत्तीकडे चला". मी काय पुस्तक आहे का आवृत्ती निघायला.

चष्मीश
मापाचं पटलं. आणि ही परंपरा जुनी आहे हो, दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, अक्षर कसं गोल काढावं, ओळी कशा सरळ ठेवाव्या, शाई, बोरू, सगळं. समर्थ अध्यात्म सांगता सांगता मध्येच स्टेशनरीवर येतात, मला फार आवडतो तो भाग. छापील पाकपुस्तकांमध्ये सूपशास्त्र 1875 चं. सूप म्हणजे इथे ते हॉटेलातलं स्टार्टर नाही हं, संस्कृतात सूप म्हणजे वरण, त्यावरून सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाची विद्या. तेव्हा कोणालाही "शास्त्र" म्हणायला लाज वाटत नव्हती. शास्त्र लिहा तुम्ही पण.

एफसीरोडकर
गुडघेदुखीशास्त्र 😂

तुळशीबागवाली
मी आपली साधी बाई, आम्ही घरात काय म्हणतो सांगू का, "कामाचं पुस्तक". ते कामाचं पुस्तक कुठे ठेवलंस गं, असं. पिठाच्या डब्यापाशी असतं ते.

पानपलटी
ताई!!! मिळाला शब्द. कामाची पुस्तकं. साधा, कोणालाही कळेल, आणि आदर पण आहे त्यात.

चष्मीश
थांबा जरा. "काम" मराठीत दोन आहेत. एक कर्म पासून कम्म, कम्म पासून काम असं घरंगळत आलेलं, ते धुण्याभांड्याचं. दुसरं संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, धर्म-अर्थ-काम मधलं. उच्चार एकच, विभक्तीही एकच, कामाचं. "कामाची पुस्तकं" हे लेबल तुम्ही दोन्हींपैकी कुठल्याही ढिगाला लावू शकता आणि व्याकरणाने कोणी हरकत घेऊ शकत नाही.

सदाशिवपेठी
म्हणजे एकच लेबल छापा. निम्मा खर्च वाचला.

पानपलटी
काकूंना कळलं तर मलाच सोसायटी सोडायला लागेल 😂 नाही, पण ठरलं. दुसऱ्या ढिगावर कामाची पुस्तकं. पहिल्यावर मी "गोड शेवटाच्या कादंबऱ्या" लिहिणार, लांब आहे, स्टिकर दोन ओळींचा होईल, पण नियम आणि प्रकार दोन्ही त्यात आले, आणि ज्यांचा शेवट कडू आहे त्या आपोआप पलीकडच्या कप्प्यात जातील. म्हणजे मला आता सगळ्यांची शेवटची पानं वाचत बसावं लागणार, ते मी आनंदाने करीन.

एकच राहिलं. ढिगाच्या तळाशी ना. सी. फडक्यांचं प्रतिभासाधन निघालं, पुठ्ठा सुटलेलं. 1931 चं, गोष्ट कशी लिहायची, पात्रं, प्रसंग, गुंतागुंत कशी करायची ते सांगणारं, म्हणजे नक्की कामाचं. पण लिहिलंय कोणी, तर ज्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्यांनी दोन पिढ्यांना वेड लावलं त्यांनी. कुठे ठेवू?

चष्मीश
दोन्ही कप्प्यांच्या मधली फळी जाड आहे का? तिच्यावर.

तुळशीबागवाली
आधी पुठ्ठा चिकटवून घ्या, घरी खळ करायची, मैदा एक चमचा, पाणी अर्धी वाटी, मंद आचेवर सतत ढवळत राहायचं, चिमूटभर मोरचूद टाकलं तर कसर लागत नाही, पण ते विषारी असतं, भांडं वेगळं ठेवा आणि मुलांपासून लांब.

पानपलटी
माप दिलंत 🙏