लाईटबिल थकलं की काय करता? रिचार्जचं मीटर परवडेल का? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती
मार्च ते मे घरोघरी कूलर रात्रंदिवस चालतो. त्याचं बिल भरायची वेळ येते ती नेमकी वह्या-पुस्तकं घ्यायच्या दिवसांत. एक बिल मागे पडलं की पुढच्या बिलात 'थकबाकी' जाऊन बसते, तिच्यावर विलंब आकार, मग व्याज. आमच्या गल्लीत सध्या एकच चर्चा: आधी पैसे टाका मग लाईट, असं मीटर असतं तर ही वेळ आली असती का?

घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारनं जून 2024 मध्ये जाहीर केलं. आता जे टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर बसतायत त्यांचं बिल पूर्वीसारखं वापरानंतरच येतं. तरी बाहेरगावी रिचार्जचं मीटर वापरलेले आपल्यातले बरेच आहेत, आणि इथं थकबाकी फेडलेले तर घराआड एक. दोघांनीही लिहा. शिव्या नकोत, त्या सगळ्यांना पाठ आहेत.

पूर्वभागकर
मी लूमवर (यंत्रमागावर) कामाला. पगार आठवड्याला, बिल महिन्याला, इथंच सगळी गडबड. हातात आलेला आठवडा त्याच आठवड्यात जातो, महिन्याचं बिल आलं की ते कुठल्या आठवड्यातून काढायचं? म्हणून मला तर रिचार्जचं मीटर चालेल. आठवड्याला दोनशे टाकायचे, विषय संपला.

तोपर्यंत जुगाड म्हणजे, बिल यायच्या आधीच ऑनलाइन आगाऊ रक्कम भरता येते. पगार झाला की मोबाईलवरून थोडे टाकतो, बिलातून ते वजा होतात. नाही जमलं एखाद्या आठवड्यात तर कुणी लगेच लाईट काढत नाही, हा फायदाच.

लेस्टरची सूनबाई
माहेर भवानी पेठ, आता इंग्लंडमध्ये. इथं आमचं गॅस-विजेचं बिल थकलं होतं (हीटिंग, दुसरं काय), तेव्हा कंपनीनं प्रीपेमेंटवर जायला सुचवलं. आमचं स्मार्ट मीटर होतं, त्यामुळे घरी कुणी आलंसुद्धा नाही, लांबूनच बदललं. जुन्या पद्धतीच्या मीटरला विजेची किल्ली आणि गॅसचं कार्ड असतं, ते दुकानात नेऊन भरून आणायचं.

पूर्वभागकर, एक लक्षात घ्या. मीटर बदललं म्हणून जुनी बाकी माफ होत नाही, ती मीटरमध्येच चढवतात. टाकलेल्या पैशांतला काही भाग दर आठवड्याला बाकीपोटी कापला जातो. सुरुवातीला कापायची रक्कम इतकी होती की वीस पौंड टाकले तरी घर काही तापेना. फोन करून घरचा जमाखर्च सांगितला, आठवड्याची कपात कमी करून घेतली. परवडेल एवढाच हप्ता ठेवा असं इथले नियम कंपनीला सांगतात, पण आमचं तरी आम्ही मागितल्यावरच झालं.

शिवाय स्थिर आकार रोज चढतो, वीज वापरा नाहीतर नका वापरू. गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो, घर बंद. परत गेल्यावर पहिला रिचार्ज त्यातच गिळला गेला.

चांगलं म्हणाल तर शिल्लक संपली तरी थोडी उसनी रक्कम मिळते, पुढच्या रिचार्जमधून वळती होते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा तुटत नाही. आणि 2023 मध्ये बाकीदारांच्या घरात शिरून मीटर बसवल्याचा गोंधळ झाला, त्यानंतर जबरदस्तीनं असे मीटर लावण्यावर इथल्या नियामकानं बरीच बंधनं घातली. फार वयस्कर माणसं किंवा अगदी लहान बाळ असलेल्या घरी सक्ती करता येत नाही. बाकी फिटली, तरी आम्ही त्याच मीटरवर आहोत. नवऱ्याला रोज आकडा बघायची सवय लागलीय.

घरकुलवाली
मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. मला नको बाई हे मीटर.

आज बिल थकलं तर कायद्यानं पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या पंधरा दिवसांत बचत गटातून उचल निघते, कारखान्यातून ॲडव्हान्स निघतो, नाहीतर भाऊ तरी देतो. रिचार्ज संपल्यावर पंधरा मिनिटं कोण थांबणार? पाणी आधीच चार-पाच दिवसांनी येतं. नेमकं त्याच पहाटे पैसे संपले, मोटार बंद, मग पुढचे चार दिवस काय करू? मोबाईलचा रिचार्ज संपला तर शेजारणीच्या फोनवरून बोलता येतं. तिची लाईट आमच्या घरात आणली तर तो आकडा, म्हणजे चोरी होते.

धागाकर्ती
पाण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. नोटिशीबद्दल नक्की काय आहे, इथं कुणी जाणकार?

निवृत्त लाईनवाला
ताई बरोबर सांगतायत. विद्युत कायदा 2003, कलम 56. पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलच चुकीचं वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी असेल ते 'हरकत राखून' भरा, वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. हे लोकांना माहीतच नसतं, थेट आरडाओरडा सुरू करतात.

दार बंद होतं म्हणून काही महिने सरासरी बिल आलं आणि मग एकदम मोठा आकडा आला, तर सगळे युनिट तेवढ्या महिन्यांत वाटून स्लॅब लावून मागा. 100 युनिटांच्या पुढं दर चढतो, त्यामुळे फरक मोठा पडतो. हप्ते पाहिजेत तर नोटीस यायच्या आधी अर्ज द्या, पोच घ्या. काउंटरवर तोंडी बोललेलं पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाही.

आणि हात जोडून सांगतो, कापलेली लाईट स्वतः जोडू नका. खांबावर काय होतं ते मी बघितलंय. कलम 138 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ते वेगळंच.

प्रीपेडबद्दल एक: त्याला सुरक्षा ठेव लागत नाही, कलम 47 मध्ये तसं आहे. दरवर्षी 'वाढीव ठेव भरा' म्हणून जे वेगळं बिल येतं, ते त्यात येणार नाही.

जुळे सोलापूर
मुलगा गुरुग्रामला सोसायटीत राहतो, तिथं प्रीपेड. पण सोसायटीचा मेंटेनन्सही त्याच शिल्लकीतून वळता होतो! एसी लावला नाही तरी पैसे सरकतात. कशाचे किती गेले हे समजायला त्याला ॲपमध्ये बरंच खोदावं लागलं. त्यामुळे रिचार्ज म्हणजे हिशोब स्वच्छ, असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

रूमवर राहणारा
आमच्या मालकांचं सबमीटर आहे, युनिटचा दर त्यांच्या मनावर. थकलं की काका स्वतः येऊन फ्यूज काढून नेतात. कलम बिलम काही नाही 😀

पूर्वभागकर
लेस्टरच्या ताईंचं वाचून थोडा थंड पडलो. बाकी चढवूनच देणार असतील तर आधी हप्ते करून बाकी फेडतो, रिचार्जचं नंतर बघू. अजून एक विचारायचं होतं. अशोक चौकाकडं एक जुनं घर घ्यायचं चाललंय, तिथली लाईट कायमची कापलीय. मागची बाकी माझ्या गळ्यात येईल का?

निवृत्त लाईनवाला
येऊ शकते. नवीन जोडणी मागायला गेलात की आधी त्या जागेची बाकी बघतात. कायमच्या कापलेल्यांसाठी 1 सप्टेंबर 2024 पासून अभय योजना आणली होती. व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ बाकी एकरकमी, नाहीतर 30 टक्के भरून उरलेली सहा हप्त्यांत. सध्या तसं काही चालू आहे का ते विचारा. विसार देण्याआधी जुन्या मालकाकडून ग्राहक क्रमांक घ्या, कार्यालयात जाऊन आकडा काढा आणि तो घराच्या किमतीतून वजा करायला लावा.