वाड्यावरची मंडळी 🚩 : नंदी कुठाय?

अप्पा: प्रसाद, ते स्टेटस आधी काढ. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणे! खिद्रापूरचा कोपेश्वर शिलाहार राजांनी बांधला, 12व्या शतकात. पुढं देवगिरीच्या सिंघण यादवानं दान दिलं, त्याचा शिलालेख दक्षिण दरवाज्याजवळ आहे. तुला खांद्यावर बसवून दाखवला होता.

प्रसाद: अप्पा, शिलाहार टाकले की कोण बघत नाही. पांडव चालतात 😄

आत्या: त्रिपुरीला जायचं नक्की ना? भाकऱ्या किती बांधू?

सुजाता वहिनी: पोरं विचारतायत, स्वर्गमंडपाला मधे छत का नाही? काम अर्धं राहिलं का?

अप्पा: राहिलं नाही, मुद्दाम गोल मोकळं सोडलंय. खाली तशीच गोल शिळा. 48 खांब आहेत, एकेक बघत बसावं. त्रिपुरीला मध्यरात्री चंद्र वर येतो, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा म्हणजे झालं.

बाजीदादा: 1054 ची कोप्पमची लढाई आपल्या इथलीच, कोप्पम म्हणजे खिद्रापूर. चोळांचा राजा राजाधिराज हत्तीवर बसलेला मारला, तो इथंच.

अप्पा: कोप्पम म्हणजे कर्नाटकातलं कोप्पळ, असंही अभ्यासक म्हणतात.

बाजीदादा: म्हणजे ती पण आपली नाही. मोजणीच्या वेळी बांधाचं पण असंच झालंतं.

सुजाता वहिनी: दादा, बांध इथं नको. 🙏

आत्या: भाकऱ्या???

मृण्मयी: पण देवळासमोर नंदी का नाही? चोरीला गेला का?

अप्पा: चोरीला कसला. दक्षानं यज्ञ केला, लेकीला बोलावलं नाही. सती तरी गेली, सोबत नंदी. तिथं अपमान झाला, तिनं कुंडात उडी घेतली. महादेव कोपले, म्हणून कोपेश्वर. नंदी तिकडंच राहिला. यडूरला आहे, कर्नाटकात.

प्रसाद: बाईंना माहेरी सोडायला गेला तो परत आलाच नाही. सेम टू सेम नंदूकाका 😂😂

नंदूकाका: मी ग्रुपवर आहे.

नंदूकाका: सगळं वाचतो.

प्रसाद: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

बाजीदादा: आमी वाचलाय 😂

आत्या: नंदू, तू येणार का? भाकऱ्यांचा अंदाज लागंना.

नंदूकाका: मागल्या खेपेला जेवूनच जा, असं कुणी म्हणालं नाही. आम्ही दोघं एसटीनं परत आलो.

सुजाता वहिनी: काका, मी ताटं घेतली होती हो. तुम्ही दारातूनच वळलात.

नंदूकाका: दारात किती वेळ उभं राहायचं?

मृण्मयी: गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत ना?

अप्पा: हो. एक कोपेश्वर. दुसरा धोपेश्वर, म्हणजे विष्णू. समजूत काढायला आलेला. नंदू, गाडी पाचला निघेल. वहिनींना, म्हणजे तुझ्या बायकोला, मी स्वतः फोन करतो.

नंदूकाका: मागच्या सीटवर बसणार नाही.

आत्या: मग चाळीस बांधते.