मानेच्या वरच्या मणक्याची 'हलक्या हाताची' कायरोप्रॅक्टिक ट्रीटमेंट: कुणाला अनुभव आहे का?

रानवारा

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतोय, वय ६१.

तिचं डोकं दुखतं, पण नेहमीसारखं नाही. कवटी मानेवर टेकते तिथून कळ निघते, उजव्या बाजूने वर चढते आणि डोळ्याच्या मागे ठाण मांडून बसते. मान उजवीकडे वळवली की वाढते. गाडी रिव्हर्स घेताना ती आता मान वळवतच नाही, अख्खी कंबरेतून वळते. डोळे तपासून झाले, सायनस नाही, मायग्रेनच्या गोळीने काही झालं नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले स्पॉन्डिलायटिस, वयोमानाप्रमाणे. पट्टा दिला, तो कपाटात आहे.

आता तिच्या एका मैत्रिणीने कायरोप्रॅक्टर (हाताने मणक्यांवर उपचार करणारा) सुचवलाय, जो फक्त मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्यावर काम करतो. आम्ही भेटून आलो. त्यांनी आईला पालथं झोपवून दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या आणि म्हणाले, उजवा पाय आखूड दिसतो, म्हणजे अ‍ॅटलस (हाच तो सगळ्यात वरचा मणका) सरकलाय. एक्स-रेवरून कोन काढणार आणि कानामागे अंगठ्याने अगदी हलका दाब देणार. कडकड नाही, झटका नाही. बीपीसुद्धा उतरेल म्हणाले.

रील्समध्ये मान मोडतानाचे आवाज ऐकून आईने धसका घेतला होता. 'हलकं' म्हटल्यावर ती एकदम तयार झाली. मीच अडलोय. हे सुरक्षित आहे का? आणि उपयोग होतो का?

कुंदा

माझ्या भावाने घेतली होती. काही केलं असं त्याला वाटलंच नाही इतका हलका हात. पण डोकं दुखायचं कमी झालं हे खरं. त्याच काळात त्याने उशीही बदलली होती आणि रात्रीचा लॅपटॉपही बंद केला होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा :)

शंकासुर

थोडा इतिहास. कायरोप्रॅक्टिक १८९५ मध्ये अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केलं. सगळा घोळ वरच्याच मणक्यात आहे, तो एक नीट केला की बाकी शरीर आपोआप ताळ्यावर येतं, ही कल्पना त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९३० च्या दशकात उचलून धरली. तुमच्या कायरोप्रॅक्टरची पद्धत त्याच घराण्यातली. पायाची लांबी झोपवून नजरेने मोजण्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. पेशंट जरा तिरका झोपला तरी टाच पुढेमागे होते.

बीपीचं म्हणाल तर २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ५० माणसं, ८ आठवडे, आणि ट्रीटमेंट मिळालेल्या गटाचं बीपी चांगलं उतरलं होतं. पण तो छोटा, प्राथमिक प्रयोग होता. तेवढ्यावर कुणी गोळी बंद करायला सांगितली तर सरळ उठून या.

मनमोर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईंच्या दुखण्याचं वर्णन मानेतून येणाऱ्या डोकेदुखीसारखं वाटतं. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे दुखतं मानेत आणि कळ जाणवते डोळ्यामागे. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये गादी नसते, तरी मान वळते त्यातली जवळपास अर्धी हालचाल या एकाच जोडात होते. तो आखडला की माणूस आईंसारखा कंबरेतून वळायला लागतो. त्यामुळे 'वरच्या मानेकडे बघा' हे काही खूळ नाही. मणका 'सरकलाय' आणि तो काही अंशांत मोजून जागेवर बसवायचा, हा भाग मला पटत नाही.

उपयोगाबद्दल: २००२ मध्ये अशा डोकेदुखीच्या २०० रुग्णांवरचा एक चांगला अभ्यास आला. हाताने केलेली ट्रीटमेंट आणि मानेच्या खोल स्नायूंचे हलके व्यायाम, दोन्हींनी फरक पडला आणि तो वर्षभर टिकला. व्यायामात कुणी मानेला हातही लावत नाही, हे लक्षात घ्या.

धोक्याबद्दल: मेंदूला रक्त नेणारी एक धमनी मणक्यांच्या भोकांतून वर येते आणि अ‍ॅटलसवरून वळसा घालून कवटीत शिरते. झटक्याने मान फिरवल्यानंतर तिचं अस्तर फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, दुर्मिळ असल्या तरी. यात एक गुंता आहे. धमनी आधीच फाटत असेल तर पहिली तक्रार मानदुखीचीच असते आणि माणूस नेमका तिच्यासाठीच ट्रीटमेंट घ्यायला जातो. हलक्या दाबात झटक्याचा धोका टळतो, हे मान्य. पण हात हलका आहे म्हणून मान धडधाकट ठरत नाही.

म्हणून आधी सांगा: आईंना दुसरे काय आजार आहेत? रक्त पातळ करणारी गोळी? हाडं ठिसूळ? पूर्वी मानेला मार?

रानवारा

खूप आभार. मार नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही. बीपी आहे. आणि आमवात, बरीच वर्षं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. पण तो बोटांचा आहे, सकाळी मुठी वळत नाहीत तिच्या. मानेशी संबंध नसावा. तिथे फॉर्मवर तसा रकानाही नव्हता.

मनमोर

संबंध आहे. अपॉइंटमेंट घेतली असेल तर रद्द करा.

दुसऱ्या मणक्याचं एक हाड खुंटीसारखं वर येतं आणि अ‍ॅटलसच्या कड्यात बसतं. त्याला मागून एका आडव्या अस्थिबंधाने धरून ठेवलेलं असतं. बोटांचे सांधे पोखरणारा आमवात हा अस्थिबंधही सैल करू शकतो. मग मान पुढे वाकली की अ‍ॅटलस पुढे घसरतो आणि खुंटी मज्जारज्जूच्या दिशेने येते. कित्येकांना हे जाणवतही नाही. म्हणूनच जुन्या आमवाताच्या रुग्णाला भूल देताना डॉक्टर मानेची खास चौकशी करतात.

सरळ बसवून काढलेल्या एक्स-रेत हा सैलपणा लपू शकतो. मान पुढे आणि मागे वाकवून, बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. कड्याची पुढची कमान आणि खुंटी यांच्यातली फट मोठ्यांमध्ये साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते, त्याहून वाढली तर विचार करावा लागतो. हा एक्स-रे आमवाताच्या डॉक्टरांना विचारूनच काढा. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

तोवर दाब, मालिश, ट्रॅक्शन (मान ताणणं) काहीही नको. मी वर लिहिलेले व्यायामही नकोत.

शंकासुर

तो पट्टा कपाटातून काढायचा का मग?

मनमोर

तेही डॉक्टरांनाच विचारा. पट्ट्याने सांध्याची घसरण थांबतेच असं नाही.

रानवारा

आत्ताच फोन करून रद्द केली. आई जरा हिरमुसली. तिच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. त्यांना अजून काय सांगू?

मनमोर

हे बघून ठेवा आणि हो-नाही लिहून न्या: हातापायांत मुंग्या, हातातून वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावायला त्रास, चालताना झोक जाणं, मान वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी चमक, लघवीवरचा ताबा. यातलं काही नव्याने सुरू झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा. एक्स-रेचा रिपोर्ट आला की इथे टाका, फक्त आईंचं नाव झाकून.