गोचीड, पिसू, लूत: कुत्र्याच्या अंगावरच्या जिवांना आपण काय म्हणतो?

जुलैत आमच्या कुत्र्याला, तांबूला, कसर म्हणजे बारीक ताप आला. अंग खाजवत होता, म्हणून मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "पिसवा झाल्यात." त्यांनी पिसवांवरचा शाम्पू सुचवला. मी तो मन लावून लावला. चौथ्या दिवशी तांबूने पोळीचा तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं. तो पोळीला नाही म्हणतो म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे आमच्या घरात लहान मुलालाही कळतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचा डावा कान उलटा केला, आतल्या घडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ही पिसू नव्हे. हा गोचीड आहे."

भिजवलेल्या तुरीच्या दाण्याएवढी, करडी, ताणून चकचकीत झालेली गोळी. तिच्या बुडाशी तिळाएवढा चपटा तपकिरी दुसरा जीव, तो नर. रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप खाली गेलेल्या. गोचीडताप. तांबू आता बरा आहे, पण ते चार दिवस माझ्या एका चुकीच्या शब्दामुळे गेले, हे मनातून जात नाही.

मला शब्द माहीत नव्हता असं नाही. आजोळी गोठा होता. आजी म्हशीच्या कासेजवळचे गोचीड काढून शेणाच्या राखेत टाकायची, ते मी रोज पाहिलं आहे. पण माझ्या डोक्यात गोचीड हा शब्द गाई-म्हशींचा होता. कुत्र्याला जे काही होतं त्या सगळ्याला आम्ही शहरात आल्यापासून "पिसवा" म्हणत आलो. हल्ली तर "किडे झालेत" किंवा "टिक्स झाल्यात" एवढ्यावर भागतं, आणि टिक्स म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण पिसवांनाही टिक्सच म्हणतात.

म्हणून ही चर्चा. पिसू उडी मारते, तिला सहा पाय असतात, ती केसांतून पळते आणि हाती लागत नाही. गोचीड उडी मारत नाही. तो तोंड कातडीत रुतवून दिवसेंदिवस एका जागी बसतो. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हेच, कोळ्याच्या नात्यातला. दोघांवरचं औषध दर वेळी एकच नसतं, दोघांपासून होणारे आजारही वेगळे. पिसू कुत्र्याने चाटताना गिळली तर पोटात पट्टकृमी होतात. गोचिडातून ताप येतो. मराठीत हे दोन शब्द आपल्या आज्यांनी स्वच्छ वेगळे ठेवले होते. तुमच्याकडे आजही ते वेगळे आहेत का? आणि गोचीड "तो" की "ती"?

प्रतिसाद

आमच्याकडे ती. "बैलाला गोचिडी लागल्यात", "एक गोचीड राहिली बघ कानामागं". माझी बायको मात्र "गोचीड निघाला" म्हणते. तिच्या माहेरी तो पुल्लिंगी, अनेकवचनही गोचीडच: "लई गोचीड लागलेत". दोन्ही चालतात असं मला वाटतं, पण विभक्ती लावताना फरक पडतो. पुल्लिंगी धरला तर गोचिडाने, स्त्रीलिंगी धरला तर गोचिडीने. दोन्हींत "चि" ऱ्हस्व होतो, गरीब-गरिबाला यासारखा. "गोचीडाने" असं लिहिलेलं सगळीकडे दिसतं, ते चूक.

पिसूचं मात्र ठरलेलं आहे. ऊ-उवा, जळू-जळवा, सासू-सासवा, तशी पिसू-पिसवा. कुणी "पिसू झाले" म्हणतं तेव्हा कानाला लागतं.

क्रियापदंही बघा. पिसवा होतात, गोचीड लागतात, लूत भरते. गोठ्यातला माणूस यात चुकत नाही.

प्रतिसाद

"लागतात" आणि "होतात" हा फरक आवडला.

गोचीड हा शब्द किती जुना आहे त्यासाठी ज्ञानेश्वरी उघडावी, म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९०. नवव्या अध्यायात ओवी आहे: "पैं दूध पवित्र आणि गोड । पासीं त्वचेचिया पदराआड । परि तें अव्हेरूनि गोचिड । अशुद्ध काय न सेविती". दूध कातडीच्या एका पदराआड आहे, आणि कासेला चिकटलेले गोचीड ते सोडून रक्त पितात. इथे "अशुद्ध" म्हणजे रक्त, हा जुन्या मराठीतला सरळ अर्थ आहे. आज अशुद्ध म्हटलं की आपल्याला शुद्धलेखन आठवतं, त्यामुळे ओवी वाचताना अनेकजण "घाण" असा अर्थ घेतात आणि सगळी उपमा निसटते. आणि "सेविती" हे अनेकवचन बघा. तिथे अनेकवचनातही शब्द गोचिड असाच आहे, वरच्या वहिनींच्या माहेरासारखा.

सातशे वर्षांहून जास्त काळ शब्द जसाच्या तसा टिकलाय. ज्याने ही ओवी रचली त्याने गाईची कास जवळून पाहिली होती.

प्रतिसाद

मी जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून लुतीबद्दल लिहितो, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

लूत म्हणून माणसं तीन-चार वेगळे त्रास आणतात. केस गेले की लूत. पण केस गोचिडांनी जातात, पिसवांच्या लाळेची ॲलर्जी होऊन शेपटीच्या बुंध्याशी जातात, बुरशीनेही जातात. खरी लूत ज्या जिवामुळे होते तो डोळ्यांना दिसत नाही. कातडी खरवडून भिंगाखाली बघावी लागते. त्यातही दोन प्रकार. एक कातडीत बीळ करून राहतो. त्याने कुत्रं रात्रभर खाजवतं, कानांच्या कडा खपल्यांनी जाड होतात, आणि जवळ झोपणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज सुटते. माणसाची खरूज याच जिवाच्या भावंडामुळे होते. दुसरा केसांच्या मुळाशी राहतो, पिल्लांना आईकडून येतो आणि सहसा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. मराठीत दोन्ही लूतच. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या पिल्लालाही घरातले लोक "लागेल" म्हणून हाकलून देतात. रस्त्यावर अशी पिल्लं मी पाहिली आहेत.

आपल्या भाषेने जे डोळ्यांना दिसतं त्याला नाव दिलं: ऊ, लीख, पिसू, गोचीड. जे दिसत नाही त्याचं नाव न घेता आजाराला नाव दिलं: लूत, खरूज. पूर्वी हेच पुरेसं होतं.

प्रतिसाद

जेमतेम दिसणाऱ्यालाही शेतकऱ्यांकडे नाव आहे. वांग्यावर, भेंडीवर जो बारीक लाल जीव पडतो त्याला आम्ही लाल कोळी म्हणतो. तोही आठ पायांचा, लुतीच्या जिवाच्या जातकुळीतला. "लुतीचा कोळी" म्हटलं तर? पाठ्यपुस्तकी शब्दापेक्षा हे लवकर रुजेल.

प्रतिसाद

आम्ही सिंधुदुर्गातले. २०१६ पासून आमच्याकडे, दोडामार्गाच्या बाजूला, माकडताप हा शब्द घरोघरी पोचला. कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये हा आजार सापडला. माकडं मरतात म्हणून माकडताप, पण माणसाला तो येतो गोचीड चावल्याने. नाव माकडाचं पडल्यामुळे लोक माकडांना घाबरले, आणि काजूच्या बागेतल्या पाचोळ्यात हात घालताना कुणी बाह्या खाली केल्या नाहीत. गोचीडताप हे नाव आधी पडलं असतं तर लोकांनी पायांकडे बघितलं असतं. (कुत्र्यांचा गोचीडताप वेगळा, हे मला माहीत आहे. पण नावाने माणूस कुठे बघतो, हा मुद्दा तोच.)

प्रतिसाद

एक भर. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस कम्युनिस. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. एरंडीची बी हातात घेऊन बघा: फुगलेलं अंग, पुढे बारीक टोक. तिकडच्या माणसांनी बीला गोचिडाचं नाव दिलं.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

काल किराणा दुकानातून एरंडीच्या बिया आणून तांबूच्या कानाजवळ धरून पाहिल्या. अगदी तसंच. शेजारच्या मुलांना बिया दाखवूनच सांगितलं, असं काही दिसलं तर हाका मारा.

डॉक्टर, तुमचा मुद्दा पटला. माझ्याही तोंडात "लूतभरं कुत्रं" हा शब्द तिरस्काराने येत असे. तो आता येणार नाही.

आता पिसू की गोचीड, हे घरी ओळखायचं कसं? आमच्या डॉक्टरांनी शिकवलं ते सांगते. पांढरा कागद ओला करायचा, त्यावर कुत्र्याला बारीक फणीने विंचरायचं. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर ती नुसती माती. गोचिडासाठी बोटं हवीत: कानाच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली, बोटांच्या फटींत, शेपटीखाली चाचपायचं. सापडला की चिमट्याने कातडीला अगदी लगटून धरायचं आणि सरळ वर ओढायचं, न पिळता. रॉकेल, तेल, जळती काडी काही नाही. चिरडायचाही नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. आणि अंगावर सापडलेल्यांपेक्षा जास्त घरात असतात. रक्त पिऊन झालं की तो आपणहून गळतो आणि भिंतीच्या भेगेत शिरतो, तिथे एकेक मादी हजारांनी अंडी घालते. त्यामुळे "गोचिडासारखा चिकटला" ही म्हण अर्धीच खरी आहे. तो पोट भरेपर्यंतच चिकटतो. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध विचारल्याशिवाय वापरू नका. काही औषधं कुत्र्याला चालतात आणि मांजराला मारतात.

आता माझा उरलेला प्रश्न. उवेच्या अंड्याला आपण लीख म्हणतो, इतका बारीक शब्द आपल्याकडे आहे. गोचिडाचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू खसखशीएवढं असतं, त्याला सहाच पाय असतात, आणि काल तांबूच्या पुढच्या पंज्यात मला तशी पाच-सहा दिसली. गोठ्यात वाढलेल्या कुणाच्या आजीकडे या पिल्लांसाठी वेगळा शब्द होता का?